वायमारचा जोडपुतळा: पार्श्वभूमी

जर्मन कवी गटे सुमारे 169 सेंटिमीटरचा, त्याचा कविमित्र शिलर 190चा. खरोखर शेजारी उभे राहिले असते तर गटेचं डोकं शिलरच्या हनुवटीशी आलं असतं. जर्मनीतल्या वायमार गावात नाट्यगृहासमोर 4 सप्टेंबर 1857 पासून उभे असलेले ब्राँझचे गटे-शिलर मात्र उंचीला सारखे आहेत. शिल्पकाराला मापं ठाऊक नव्हती असं नव्हे. दोघांत मोठा कोण, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येऊ नये म्हणून दोघांना एका मापात बसवलं. ही तडजोड लोकांनी पचवली. गाजला तो कपड्यांचा वाद.

आपल्याकडे गटे म्हटलं की शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचणारा कवी आठवतो. नाच ही दंतकथा. 1791 साली त्याने शाकुंतलावर चार ओळी लिहिल्या, हे खरं. या गोष्टीत शिलरचं नाव कोणी घेत नाही. फोर्स्टरने जर्मनमध्ये आणलेल्या शाकुंतलातले काही प्रवेश, पुस्तक निघायच्या आधी 1790 मध्ये छापले ते शिलरच्या नियतकालिकाने. दोघांची मैत्री तेव्हा व्हायची होती. ती जमली 1794 मध्ये. गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या आरंभी नाटकमंडळीचा चालक, कवी आणि विदूषक यांची बोलाचाली आहे, तिची कल्पना संस्कृत नाटकातल्या प्रस्तावनेवरून आली असं मानतात. तेव्हा चौथऱ्यावरचे हे दोघे आपल्याला अगदीच परके नाहीत.

आता कपडे. गटेच्या जन्मशताब्दीला, 1849 मध्ये, पुतळ्याची हालचाल सुरू झाली आणि राउख या बर्लिनच्या ख्यातनाम शिल्पकाराने नमुना तयार केला. त्यातले दोन्ही कवी ग्रीक-रोमन वेषात होते. कोटाची फॅशन वीस वर्षांत उतरते, खांद्यावरून सोडलेलं वस्त्र कधीच जुनं होत नाही, हा त्या काळच्या शिल्पकलेतला पक्का समज. शिवाय गटे जन्मभर ग्रीकांचे गोडवे गात आलेला. राउखची बाजू लंगडी नव्हती.

पण पुतळ्याला ब्राँझ द्यायचं होतं बव्हेरियाच्या लुडविगने. 1848 च्या गडबडीत गादी सोडलेला हा राजा. राज्य सुटलं तरी पुतळ्यांचा नाद सुटला नव्हता. 1827 मध्ये गटेच्या 78व्या वाढदिवशी तो स्वतः वायमारला येऊन त्याला भेटून गेला होता. म्हणजे त्याने गटे चालताबोलता पाहिला होता, आणि टोगा या रोमन वस्त्रात खचितच नाही. त्याची अट सरळ होती: कवींना त्यांच्या काळाचे कपडे घाला, धातू देतो. राउखने ते मानलं नाही. 1852 च्या अखेरीस काम गेलं त्याच्याच शिष्याकडे, ड्रेस्डेनच्या रीचेलकडे. त्याने ब्राउनश्वाइगसाठी लेसिंग या नाटककाराचा पुतळा घडवला होता आणि त्यात खांद्यावर झूल न टाकता लेसिंगला साध्या कोटात उभं केलं होतं. धातू ज्याचा, शिंपी त्याचा, असाच हा न्याय.

यात एक गंमत आहे, ती सहसा सांगितली जात नाही. याच राउखने 1828 मध्ये गटेची एक छोटी मूर्ती केली होती, घरात घालायच्या लांब कोटातली. टेबलावरचा गटे घरच्या कोटात चालतो, चौकातला चालत नाही, हा भेद त्याच्या मनात पक्का होता. आपल्याकडे पुतळा समितीचे वाद घोड्याच्या पायावरून रंगतात. तिथे तो कवीच्या पायातल्या बुटांवरून रंगला. निकाल मात्र चांगला लागला, असं मला वाटतं. गटे दरबारी पोशाखात, मंत्र्याच्या ऐटीत ताठ. शिलर लांब, सैल कोटात. एक पगारदार मुत्सद्दी आणि एक ओढग्रस्तीत लिहिणारा माणूस, हा फरक टोग्यात बुडाला असता.

पुतळ्याजवळ गेलं की हात पाहावेत. गटेचा डावा हात शिलरच्या खांद्यावर, उजव्या हातात लॉरेलच्या पानांचं कडं. शिलरच्या डाव्या हातात कागदाची गुंडाळी. उजवा हात त्या कड्याकडे गेलेला, पण त्याची पकड बसलेली नाही. गटे समोर पाहतो, शिलर वर, कुठेतरी लांब. कडं गटे देतोय की दोघांनी मिळून धरलंय, यावर जर्मन लोक पिढ्यान् पिढ्या बोलत आले आहेत.

वीलांड या कवीवर मात्र अन्याय झाला. वायमारला तो या सगळ्यांच्या आधी, 1772 मध्ये आला. त्याचाही पुतळा त्याच दिवशी, 4 सप्टेंबर 1857 ला उघडला गेला. निमित्त होतं गटेला वायमारला आणणाऱ्या ड्यूक कार्ल आउगुस्टच्या जन्मशताब्दीचं. आज वीलांड रहदारीच्या चौकात उभा असतो आणि पर्यटकांचे कॅमेरे नाट्यगृहाकडे वळतात. विचारवंत हेर्डरचा पुतळा 1850 पासून शहराच्या चर्चपाशी आहे. गावाचा वारसा चौघांचा, चौथरा दोघांचा.

त्या चौथऱ्यावर कोरलंय: ‘कवींच्या या जोडीला, गटे आणि शिलर यांना, पितृभूमीकडून’. आता 1857 मध्ये जर्मनी नावाचं राज्य कुठे होतं? ते व्हायला 1871 उजाडावं लागलं. ज्या पितृभूमीने पुतळा अर्पण केला ती तेव्हा कवितेत आणि भाषणांत होती. शब्द असा मोकळा सोडला की पुढे कुणीही येऊन त्यावर आपली पाटी लावतो, आणि झालं तसंच.

पुतळ्यामागची आजची इमारत 1908 ची, म्हणजे पुतळ्याहून लहान. 6 फेब्रुवारी 1919 ला बर्लिनमधल्या धुमश्चक्रीपासून लांब म्हणून राष्ट्रीय सभा या नाट्यगृहात भरली आणि प्रजासत्ताकाची घटना इथे मंजूर झाली. ‘वायमार प्रजासत्ताक’ हे नाव त्यातून आलं. त्या आठवणीची पाटी 1922 मध्ये भिंतीवर लागली, 1933 मध्ये नाझींनी उखडली, युद्धानंतर पुन्हा आली. याच नाट्यगृहात 1926 मध्ये नाझी पक्षाचं अधिवेशनही झालं होतं.

1937 मध्ये गावापासून आठेक किलोमीटरवर, गटे फिरायला जायचा त्या एटर्सबर्ग टेकडीवर छळछावणी उभी राहिली. तिला टेकडीचंच नाव द्यायचं ठरत होतं. वायमारच्या एका सांस्कृतिक संघटनेने हरकत घेतली, कारण ते नाव गटेशी जोडलेलं. हरकत छावणीला नव्हती, नावाला होती. मग नाव पडलं बुखेनवाल्ड. सुमारे 56,000 माणसं तिथे मेली. झाडं तोडताना एक जुना ओक ‘गटेचा’ म्हणून छावणीच्या आवारात राखला होता; ऑगस्ट 1944 च्या हवाई हल्ल्यात तो जळाला. युद्धात पुतळ्याभोवतीही विटांची भिंत बांधली होती, म्हणून तो वाचला. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकी सैन्याने वायमारच्या नागरिकांना टेकडीवर चालवत नेऊन छावणी दाखवली.

दरम्यान पितृभूमी समुद्रापार गेली होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मनांनी याच पुतळ्याच्या प्रती सॅन फ्रान्सिस्को (1901), क्लीव्हलँड (1907), मिलवॉकी (1908) आणि सिराक्यूज (1911) इथे उभारल्या. आपल्याकडची मंडळी परदेशात गणपती बसवतात, त्यातलाच हा प्रकार. मायदेशी मात्र पूर्व जर्मनीच्या राजवटीने दोघांना समाजवादाचे पूर्वज ठरवलं. 1998 मध्ये अभिजात वायमार जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

शेवटची घडामोड पुतळ्याची नाही, पण जोडीची आहे. शिलर 1805 मध्ये वारला तेव्हा त्याला सामायिक तळघरात पुरलं होतं. 1826 मध्ये तिथून 23 कवट्या निघाल्या. नगराध्यक्षाने सर्वांत मोठी ती शिलरची ठरवली. गटेने ती काही काळ घरी ठेवून घेतली, तिच्यावर कविताही केली. पुढे राजघराण्याच्या समाधिगृहात दोघांच्या पेट्या शेजारी-शेजारी आल्या. 2008 मध्ये डीएनए तपासणी झाली आणि ती कवटी शिलरची नाही असं निघालं. गटेच्या शेजारची पेटी आता रिकामी ठेवली आहे.