शांत नकार आणि गोड टोलवाटोलवी

कुणी आपल्या पंथात ओढू लागलं की चिडू नये, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्यावर शब्द खर्च करत नाही. घोळ होतो तो पुढे. “मी अगदी शांत राहिले” असं सांगणारे बहुतेक जण प्रत्यक्षात टोलवाटोलवी करून आलेले असतात.

शेजारच्या काकू म्हणतात, “एकदा सत्संगाला येऊन तर बघ.” आपण म्हणतो, “बघू हं, या रविवारी पाहुणे आहेत.” आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही, म्हणून आपण स्वतःला शांत समजतो. काकूंनी मात्र त्यातून एवढंच घेतलेलं असतं, की पुढच्या रविवारी विचारायचं. त्या विचारतात, आपण नवं कारण शोधतो, आणि महिनाभरात जिन्यात त्यांची चाहूल लागली तरी दार लोटून घेतो. याला शांत राहणं म्हणायचं? खरा शांत माणूस पहिल्याच दिवशी सांगतो, “काकू, तुम्ही आपुलकीनं बोललात, मी नीट ऐकलं. पण मला यायचं नाही, पुढेही नाही.” काकू चार दिवस फुगतील. फुगू द्या. त्यांनी पाठवलेल्या डब्यात काय हेतू आहे, याचा विचार तरी थांबतो.

“सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात” हे उत्तर तर मला अजिबात सहन होत नाही. समोरच्याला तसं वाटत असतं, तर तो तुमच्या दारी आलाच नसता. त्याची श्रद्धा खरी मानून “मला हे पटत नाही” म्हणण्यात जास्त आदर आहे. नास्तिक मित्र देवपूजा सोड म्हणतो, तेव्हाही हेच.

राज्यघटनेच्या कलम २५ नं धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. तो आपली तत्त्वं समजावून सांगण्यापुरता आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे आग्रह करणारे बोलले म्हणून आपल्यावर अन्याय होत नाही, आणि आपण नाही म्हटलं म्हणून त्यांच्यावरही नाही.

वाद घालावा का? हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत. तिथे दोन्ही बाजू त्यासाठीच जमत. पत्रक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसावर प्रश्नांची सरबत्ती करू नये.

आग्रह करणारा तुमचा वरिष्ठ किंवा घरमालक असेल, तर मात्र नकार तिसऱ्या माणसादेखत द्या, जमल्यास लेखी.