बादलीभर पाण्यात किती मूर्ती विरघळते?

‘मूर्ती बादलीत ठेवा, दोन दिवसांत विरघळेल,’ हा सल्ला अनंत चतुर्दशीच्या सुमारास मुंबईतल्या अनेक सोसायट्यांमध्ये ऐकू येतो. शाडूच्या मूर्तीला तो लागू पडतो, मात्र शाडूही खरे तर विरघळत नाही; तिचे कण सुटे होऊन तळाशी बसतात. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याने घट्ट झाले की त्याचे जिप्सम बनते आणि २५ अंश सेल्सिअसला जिप्समची विद्राव्यता लिटरमागे सुमारे २.४ ग्रॅम, इतकीच आहे.

वस्तुमानाला विद्राव्यतेने भागले की द्रावणाचे किमान आकारमान मिळते. दोन किलोच्या मूर्तीसाठी २००० भागिले २.४, म्हणजे सुमारे ८३० लिटर. चाळीत पाण्यासाठी ठेवतात तशी २०० लिटरची चार पिंपे भरली तरी थोडे प्लास्टर उरेलच. दहा लिटरच्या बादलीत जेमतेम २४ ग्रॅम विरघळेल. समुद्र सगळे पोटात घेतो, ही समजूतही विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीवरचे भग्न अवशेष पाहिल्यावर टिकत नाही.

मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत बादलीत कशी साधते? संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी पदार्थ मावेनासा झालेल्या पाण्यात, विरघळणे थांबलेले नसते. जिप्सममधून जितके कॅल्शियम व सल्फेट आयन (विद्युतभारित कण) सुटतात, तितकेच परत त्याच्यावर बसत असतात. बायकार्बोनेट त्यातले कॅल्शियम पकडून त्याचे कॅल्शियम कार्बोनेट करते, ज्याची विद्राव्यता शुद्ध पाण्यात लिटरमागे १०-१५ मिलिग्रॅमच आहे. ते साक्याच्या रूपाने खाली बसते, द्रावणातले कॅल्शियम सतत कमी होत राहते आणि ती तूट भरून काढण्यासाठी जिप्सम विरघळत राहते. हा तोल ढळवण्याची युक्ती मला रसायनशास्त्रातली सर्वांत देखणी वाटते.

हिशोबही पाहू. १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागते, म्हणून दोन किलोला सुमारे १.८४ किलो. त्याची विद्राव्यता २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २१.६ ग्रॅम, म्हणजे साडेआठ लिटर पाणी पुरे. अर्थात मूर्ती बुडेल इतके हवेच. येथे आकडा पाण्याचा आहे, द्रावणाचा नाही, हे ध्यानात ठेवावे. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळले की द्रावण सुमारे ११३ मिलिलिटर भरते.

शेवटी तळाशी सुमारे १.१६ किलो कॅल्शियम कार्बोनेट आणि वरच्या पाण्यात दीड किलो अमोनियम सल्फेट उरते. ते खत आहे, पण इतके तीव्र द्रावण भरपूर पाणी मिसळून पातळ केल्याशिवाय कुंडीत घालू नये.