ग्रीस मारणे आणि बेअरिंग पॅक करणे: बोटीच्या ट्रेलरची दोन वेगळी कामे

पुण्याहून मुरूड किंवा हर्णैला ट्रेलरवर बोट ओढून नेणारे अनेक जण "बेअरिंगचे काम करून घेतले आहे" असे ठामपणे सांगतात. जरा खोलात जाऊन विचारले की कळते, गॅरेजमध्ये हबच्या (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाच्या) टोपीवरील निपलला, म्हणजे ग्रीस भरण्याच्या तोटीला, ग्रीस गन लावून चार पंप मारले, बाहेर आलेले ग्रीस फडक्याने पुसले आणि ट्रेलर परत दिला. हे ग्रीसिंग झाले. बेअरिंग बाहेर काढून, धुऊन, तपासून, हाताने ग्रीस भरून पुन्हा बसवणे, म्हणजेच पॅकिंग, हे निराळे काम आहे. पहिले करून दुसरेही झाले असे मानण्याची किंमत भर घाटात निखळलेल्या चाकाने मोजावी लागते.

ग्रीसिंगबद्दल फार सांगण्याची गरज नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून टेम्पोपर्यंत ते सगळीकडे केले जाते आणि काही मिनिटांत उरकते. पॅकिंगला वेळ जास्त लागतो, नवे ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) आणि नवी स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घालायची दुपदरी पिन) लागते, हात बरबटतात. हा फरक उघड आहे आणि त्यात कोणाची फसगत होत नाही.

फसगत होते ती पाण्याच्या बाबतीत. टेम्पोचे चाक पाण्यात बुडवावे लागत नाही. बोट उतरवताना ट्रेलरचे चाक बुडते, आणि तेही पुष्कळदा तापलेले असताना. ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत हब गरम झालेला असतो आणि आतली हवा प्रसरण पावून थोडीफार बाहेर गेलेली असते. हा हब थंड पाण्यात शिरला की उरलेली हवा आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि मागच्या, म्हणजे ट्रेलरच्या आतल्या बाजूच्या, ऑइल सीलच्या कडेखालून पाणी आत ओढले जाते. सील झिजलेले असेल तर ते अधिकच सहज शिरते. म्हणूनच धक्क्यावर पोहोचताक्षणी ट्रेलर पाण्यात घालण्याची घाई मला अजिबात मान्य नाही. पट्टे सोडणे, इंजिन पाहणे, सामान चढवणे ही कामे आधी केली, तर तेवढ्या वेळात हब बराच निवतो.

हबमध्ये पुढे आणि मागे अशी दोन बेअरिंग असतात. आत आलेले पाणी मागच्या बेअरिंगपाशी असते आणि हबच्या तोंडावरच्या स्प्रिंग असलेल्या टोपीतून भरलेले ग्रीस पुढच्या बाजूने शिरते. या टोपीचा हेतू चांगला आहे: आतल्या ग्रीसवर किंचित दाब कायम ठेवायचा, म्हणजे हब निवतानाही पाणी आत ओढले जाऊ नये. मात्र आधीच शिरलेले पाणी काढून टाकणे हे तिचे काम नाही. नवे ग्रीस पुढे साचते, जुने पाणचट ग्रीस मागेच राहते, कारण त्याला बाहेर पडायला वाटच नसते. जोर लावून पंप मारले तर मागचे सील उखडते आणि ग्रीस ब्रेकच्या लायनरवर पसरते. अ‍ॅक्सलच्या पोटातून भोक असलेली रचना मला अधिक पसंत आहे, कारण तिच्यात ग्रीस आधी मागच्या बेअरिंगमागे निघते आणि जुन्याला पुढे ढकलत बाहेर काढते. त्यासाठी चाक फिरवत सावकाश पंप मारावे लागतात. तरीही तिने फक्त ग्रीस बदलते, बेअरिंग कोणत्या अवस्थेत आहे ते दिसत नाही. गंजलेल्या रोलरवर नवे ग्रीस भरणे म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला रंग देणे होय.

पॅकिंगचे खरे मोल या दिसण्यात आहे. हब उतरवला आणि ग्रीस पांढरट निघाले, तर पाणी शिरले आहे असे समजावे. मग बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावे. कंप्रेसरची हवा मारून ते गरगर फिरवण्याचा खेळ धोकादायक असून तो कोणालाही करू देऊ नये. आता कप, म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी, उजेडात धरून पाहावी. रोलरच्या लांबीच्या तपकिरी रेषा, एकमेकींपासून रोलरांइतक्याच अंतरावर उमटलेल्या दिसल्या, तर पाणी आत असताना ट्रेलर बराच काळ एकाच जागी उभा होता. त्या रेषांना नख अडत असेल, पापुद्रे निघाले असतील किंवा निळसर झाक आली असेल, तर बेअरिंग बाद करावे. कप आणि रोलरसह असलेला आतला कोन (शंकूच्या आकाराची आतली कडी) ही जोडी एकत्रच बदलावी. बेअरिंगवरचा क्रमांक लिहून पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत जावे. उदाहरणार्थ, एल ४४६४९ या कोनाबरोबर एल ४४६१० हा कप लागतो. "साधारण असेच" म्हणून दिलेले बेअरिंग घेऊ नये.

ग्रीस तळहातावर घेऊन कोनाची रुंद कडा त्यात दाबत राहावी आणि रोलरांच्या फटींतून ते पलीकडे निघेपर्यंत सर्व बाजूंनी हे करावे. वरून नुसते चोपडलेले ग्रीस रोलरांच्या मध्ये जात नाही. ग्रीस व्हील बेअरिंगचेच आणि पाण्यात टिकणारे हवे; चॅसिसचे साधे कॅल्शियम ग्रीस हबच्या उष्णतेत पातळ होते.

नटाच्या बाबतीत मोटारींच्या सवयीचे मेकॅनिक हमखास चुकतात. आजच्या बहुतेक मोटारींच्या चाकांत सीलबंद बेअरिंग असते आणि त्याचा नट भरपूर ताकदीने आवळतात. ट्रेलरच्या टेपर रोलर (निमुळत्या रोलरांच्या) बेअरिंगला ती ताकद जाळून टाकते. हब फिरवत नट आवळून बेअरिंग बसवावे, मग नट पूर्ण सैल करून नुसत्या बोटांनी टेकवावा आणि स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर सैलाच्या बाजूने जुळवावे. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि जेमतेम जाणवेल इतकाच प्ले (चाकाची आतबाहेर हालचाल) राहिला पाहिजे, सामान्यतः ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर चालतो.

बहुतेक जण हे काम दिवाळीच्या सुमारास, हंगाम सुरू होताना काढतात. माझ्या मते ते जूनपूर्वी व्हायला हवे, कारण पावसाळ्याचे चार महिने ट्रेलर उभा असतानाच हबमधले पाणी, विशेषतः खारे पाणी, त्या तपकिरी रेषा कोरत असते. ऑक्टोबरमध्ये चाक उचलून, फिरवून, आवाज ऐकून आणि टोपीतले ग्रीस पाहून भागते. प्रवासात पहिल्या थांब्यावर सर्व हबना हाताची मागची बाजू सावधपणे जवळ नेऊन पाहावे. एक हब इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागला तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, यांपैकी काय ते तिथेच शोधावे आणि तोपर्यंत पुढे निघू नये. नवी बेअरिंग आणि सील बसवून पॅक केलेला एक जादा हब, वॉशर, नट आणि स्प्लिट पिनसह, गाडीत ठेवला असेल तर तो रस्त्याच्या कडेलाही बदलता येतो; मात्र अ‍ॅक्सलचे टोक जळून निळे पडले असेल किंवा त्यावर चर पडले असतील, तर तो बसवू नये आणि क्रेन बोलवावी.