हळदीचे दूध, हळदीची कॅप्सूल आणि दुखरा गुडघा

गुडघे दुखू लागले की घरातले कोणीतरी हळदीचे दूध सुचवते, आणि हल्ली त्याच भरवशावर औषधाच्या दुकानातून कर्क्युमिनच्या कॅप्सूलही आणल्या जातात. ‘हळदच तर आहे’ हे वाक्य दुधाला शोभते, कॅप्सूलला नाही.

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनचे प्रमाण तिच्या पुडीत साधारण 3 टक्के असते; म्हणजे 3 ग्रॅम हळद दुधात घातली तरी पोटात जेमतेम 90 मिलिग्रॅम कर्क्युमिन जाते. त्यातलेही रक्तात फारसे उतरत नाही, कारण आतडे आणि यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करून ते शरीराबाहेर धाडतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात त्याचा जेमतेम मागमूस लागला. सोबत काळ्या मिरीतले 20 मिलिग्रॅम पायपेरिन देताच शोषण सुमारे 20 पटींनी वाढले. अनेक कॅप्सूलींमध्ये मिरीचा अर्क असतो तो यासाठीच.

मग वेदना कमी होतात का? ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात असलेल्या 367 रुग्णांवरील थायलंडमधील चाचणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना रोज हळदीचा 1500 मिलिग्रॅम अर्क आणि बाकीच्यांना 1200 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन हे नेहमीचे वेदनाशामक असे 4 आठवडे दिल्यावर दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला, आणि पोटदुखीची तक्रार हळदीच्या गटात कमी होती. निष्कर्ष आशादायक आहे. पण औषध नसलेली गोळी घेणारा गट या चाचणीत नव्हता, आणि गुडघेदुखीत ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या पूरकांवरील, 1583 रुग्णांच्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे 60 टक्के लोकांच्या वेदना किमान 20 टक्क्यांनी घटल्या होत्या. शिवाय 4 आठवड्यांच्या आरामावरून झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, भरून आली असे मानता येत नाही.

शोषण वाढले की धोकाही वाढू शकतो, ही बाजू जाहिरातींत क्वचितच दिसते. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील संशोधक-जाळ्याने 2022 मध्ये हळदीच्या पूरकांशी संबंधित 10 रुग्णांची माहिती मांडली. त्यांपैकी 5 जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला, आणि 7 जणांमध्ये एकच विशिष्ट जनुक-प्रकार आढळला. तो आपल्यात आहे की नाही, हे दुकानात उभ्या असलेल्या माणसाला कसे कळणार! म्हणून कॅप्सूल सुरू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले किंवा भूक मंदावली, तर ती तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी तर कॅप्सूल सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.