भजनाच्या फायलीवर नाव का नसते

विदर्भातील खेड्यांत जमलेल्या गाण्यांच्या संग्रहात खंजेरी भजने, भीमगीते, दंडारीतील गाणी आणि झाडीपट्टीच्या नाटकांतील पदे एकत्र नांदतात. मात्र हा संग्रह जेलीफिन किंवा नॅव्हिड्रोमसारख्या मीडिया सर्व्हरवर (साठवलेली गाणी इतर उपकरणांवर ऐकवणाऱ्या संगणक-प्रणालीवर) चढवला की त्यातील बराचसा भाग ‘अज्ञात कलाकार’ या एकाच नावाखाली जाऊन पडतो. असा सर्व्हर गाण्यांची मांडणी मुख्यतः फायलीच्या आत लिहिलेल्या टॅगांवरून, म्हणजे शीर्षक, कलाकार अशा माहितीच्या रकान्यांवरून करतो आणि आपल्याकडील फायलींत ते टॅग एकतर नसतात किंवा चुकीचे असतात.

‘एमपी३’ हे नाव 1995 मध्ये रूढ झाले, तेव्हा त्या फायलीत गाण्याची माहिती ठेवायला नेमकी जागा नव्हती. 1996 मध्ये एरिक केम्प यांनी फायलीच्या शेवटी 128 बाइटांचा आयडी३ टॅग जोडण्याची पद्धत काढली. त्यात शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी 30 बाइट मिळाले. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या आजच्या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे त्या जागेत मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम दहा चिन्हे मावली असती. गीतकारासाठी तर रकानाच नव्हता. संगीतप्रकारांच्या ठरीव यादीत पोल्का हा युरोपीय नृत्यसंगीताचा प्रकार होता, भजन नव्हते.

शहरी संग्रहांची सोय सीडीमुळे झाली. सीडीवरील गाण्यांच्या लांबीवरून ती ओळखून सीडीडीबी हा माहितीसाठा नावे आपोआप पुरवीत असे. आपल्याकडचे बरेचसे ध्वनिमुद्रण कॅसेटवर झालेले असल्यामुळे त्याला ही वाट मिळालीच नाही. पुढे तालुक्याच्या मोबाइल दुकानांतून मेमरी कार्डे भरून मिळू लागली, तेव्हा गायकाच्या रकान्यात एखाद्या संकेतस्थळाचे नाव बसले. माझ्या मते कोऱ्या टॅगपेक्षा हे अधिक त्रासाचे, कारण कोरा रकाना निदान लगेच दिसतो.

1998 मध्ये आलेल्या आयडी३च्या दुसऱ्या आवृत्तीने लांबीची अडचण दूर केली, गीतकार व संगीतकारांना रकाने दिले आणि युनिकोडची, म्हणजे जगातील सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षर-संकेतांची सोय केली. 2000 मधील 2.4 या सुधारणेत यूटीएफ-8 आले. तरीही युनिकोड न पाळणाऱ्या जुन्या मराठी फॉन्टांत टंकलेली नावे आजच्या सर्व्हरवर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उमटतात आणि ती पुन्हा लिहावीच लागतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (1909–1968) भजने गावोगावची मंडळे गातात आणि रचनाकाराची ‘तुकड्यादास’ ही मुद्रा भजनातच येते. तेव्हा महाराजांचे नाव गीतकाराच्या रकान्यात, मुख्य आवाज कलाकाराच्या आणि मंडळ ‘अल्बम कलाकार’ या रकान्यात ठेवणे योग्य. हा शेवटचा रकाना रिकामा राहिल्यास, आवाज बदलला की एकाच रात्रीच्या कार्यक्रमाचे सर्व्हरवर तुकडे पडू शकतात. अशा ध्वनिमुद्रणाला अल्बम नसतोच, म्हणून त्या जागी गावाचे नाव आणि कार्यक्रमाची तारीख लिहावी.