डम्पस्टर: ट्रकपासून सुटा झालेला डबा

अमेरिकेत आईवडिलांच्या पश्चात घर विकायला काढले, किंवा स्वयंपाकघर तोडून नवे करायचे ठरले, की दारात एक भलामोठा उघडा लोखंडी डबा येऊन बसतो. आठवडाभर त्यात जुने सोफे, गालिचे, मोडकी कपाटे पडत राहतात. मग ट्रक येतो आणि सगळी अडगळ डब्यासकट घेऊन जातो. भाड्याने मिळणाऱ्या या डब्याचे नाव डम्पस्टर. ते ‘डम्प’वरून आले असणार असे वाटते, पण ते अर्धेच खरे. उरलेला अर्धा भाग एका माणसाच्या आडनावाचा आहे.

टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलचा जॉर्ज डेम्पस्टर तरुणपणी पनामा कालव्याच्या खोदकामावर वाफेचे खोदयंत्र चालवत असे. पुढे त्याने भावांबरोबर बांधकामाचा धंदा केला. माल भरून होईपर्यंत ट्रक आणि ड्रायव्हर दोघेही ताटकळत उभे राहतात, हे या धंद्यातले जुने दुखणे. त्यावर भावांनी उपाय काढला तो डबाच ट्रकपासून सुटा करण्याचा. रिकामा डबा जागेवर ठेवायचा, लोक सवडीने भरतील, आणि तेवढ्या वेळात ट्रकने दुसरा भरलेला डबा उचलून न्यायचा. १९३५ साली त्याचे पेटंट घेतले गेले आणि आडनावात ‘डम्प’ घालून ‘डेम्पस्टर-डम्पस्टर’ असे नाव पडले. शहरांच्या कचऱ्यालाही ही युक्ती चपखल बसली. जॉर्ज डेम्पस्टर पुढे नॉक्सव्हिलचा महापौरही झाला. आता डम्पस्टर हे साधे सामान्यनाम आहे. वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यामागचा माणूस ठाऊक असतो.

दुकाने आणि इमारतींमागचे झाकणवाले डबे १९५० च्या दशकात आलेल्या, पुढून काटे घालून डबा टपावरून मागे रिकामा करणाऱ्या ट्रकांमुळे रुळले. घरी भाड्याने येतो तो प्रकार वेगळा. ट्रकचा मागचा सांगाडा तिरका होतो, पोलादी दोराने किंवा आकड्याने धरलेला डबा कुरकुरत चाकांवरून जमिनीवर घसरतो. म्हणूनच जाणता माणूस आधी फरशीवर लाकडी फळ्या टाकून ठेवतो. डब्याची मागची बाजू दारासारखी उघडते, त्यामुळे सोफा डोक्यावरून फेकावा लागत नाही, चालत आत नेता येतो.

मागणी वाढायला घरेही कारण झाली. १९७३ मध्ये तिथले नवे स्वतंत्र घर सरासरी १,६६० चौरस फुटांचे होते. २०१५ पर्यंत ते २,६८७ वर गेले. जागा वाढली की सामान ती भरून काढतेच.

भाड्याच्या अटींत मात्र आकारापेक्षा वजनाचा जाच जास्त, आणि त्याचे मूळ कायद्यात आहे. १९७६ च्या केंद्रीय कायद्याने उघड्यावरचे उकिरडे बंद करायची दिशा दिली. १९९१ च्या नियमांनी घरगुती कचऱ्याच्या भरावभूमीला, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेला, तळाशी अस्तर, झिरपणाऱ्या घाण पाण्याची सोय आणि भूजलाची तपासणी बंधनकारक केली. हा खर्च लहान उकिरड्यांना झेपला नाही. उरलेल्या मोठ्या भरावभूमी टनामागे पैसे घेतात, म्हणून डबेवालाही भाड्यात ठरावीक टनच देतो. वर गेले की जादा आकार.

इथेच नवखे फसतात. दहा घनयार्डांचा, म्हणजे साधारण साडेसात घनमीटरांचा डबा मध्ये पोकळी न ठेवता काँक्रीटने काठोकाठ भरला, तर वजन अठरा टनांच्या घरात जाते. एवढे वजन असा ट्रक रस्त्यावर सहसा कायदेशीरपणे नेऊ शकत नाही. तोच डबा गाद्यांनी भरला तर काटा जेमतेम हलतो. रंगाचे अर्धवट डबे, बॅटऱ्या, टायर, फ्रीज यांना सहसा मुळातच मनाई असते. काठाच्या वरही काही येता कामा नये, कारण निघण्यापूर्वी ताडपत्री ताणून बांधायची असते.

भरावभूमीच्या फाटकावर ट्रक आधी भरलेला आणि नंतर रिकामा असा दोनदा काट्यावर चढतो. दोन्ही वजनांतला फरक बिलावर लागतो.