नियतकालिक संयम (कॅथलिक शिकवण)

पाळीच्या चक्रातील गर्भधारणाक्षम दिवसांत विवाहित जोडप्याने शरीरसंबंध टाळणे, म्हणजे नियतकालिक संयम. मूल लांबणीवर टाकायचे असेल, तर पूर्ण संयम वगळता कॅथलिक चर्चला मान्य असलेला हा एकच मार्ग. मुख्य आधार पोप सहावे पॉल यांचे ‘ह्यूमाने व्हिते’ हे परिपत्रक (२५ जुलै १९६८). त्याच्या कलम १४ ने नसबंदी व कृत्रिम साधने वर्ज्य ठरवली. कलम १६ ने पतिपत्नींची प्रकृती, मनःस्थिती किंवा बाह्य परिस्थिती तसे कारण देत असेल तर संयमाला मुभा दिली. मधले कलम १५ वाचकांच्या नजरेतून हमखास सुटते. त्यानुसार आजारावरील उपचारामुळे ओघाने वंध्यत्व येत असेल, तर तो उपचार निषिद्ध नाही.

ही मुभा नेमकी कधीची, यावर एकमत नाही. बरेच लेखक ती ‘कास्ती कोनूबी’ (३१ डिसेंबर १९३०) या परिपत्रकापासून धरतात, काही पोप बारावे पायस यांच्या २९ ऑक्टोबर १९५१ रोजी सुइणींपुढे झालेल्या भाषणापासून. परंतु पापनिवेदनाच्या प्रश्नांवर निर्णय देणाऱ्या रोममधील न्यायपीठाने १८५३ मध्येच, गर्भधारणेत अडथळा आणणारी कृती होत नसेल तर वंध्य मानलेल्या दिवसांतच संबंध ठेवणाऱ्या जोडप्यांना त्रास देऊ नये, असे कळवले होते. १८८० चे उत्तर त्याच वळणाचे आहे. त्यामुळे जुना काळ धरणे अधिक सयुक्तिक दिसते. गंमत अशी, की तेव्हाची गणनाच उलटी होती. स्त्रीची पाळी ही जनावरांच्या माजासारखी, असे मानून दोन पाळ्यांमधले दिवस सुरक्षित समजले जात. प्रत्यक्षात बीजमोचन (स्त्रीबीज बाहेर पडणे) साधारण तेव्हाच होते. म्हणजे मुभा आधी आली, खरे दिवस नंतर कळले. क्यूसाकू ओगिनो (जपान, १९२४) आणि हेरमान क्नाउस (ऑस्ट्रिया, १९२० च्या दशकाची अखेर) यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की बीजमोचनाच्या दिवसाची मोजणी पुढच्या पाळीपासून मागे करायची असते. अग्रक्रमाचा मान सामान्यतः ओगिनोला दिला जातो.

जुन्या दिनदर्शिका पद्धतीत सहा ते बारा चक्रांची नोंद लागते. सर्वांत लहान चक्रातून १८ आणि सर्वांत मोठ्यातून ११ वजा करतात. चक्रे २६ ते ३२ दिवसांची असतील, तर आठव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत संयम. चक्र अनियमित असेल तर ही खिडकी महिनाभर पसरते; पद्धत मागे पडली ती यामुळेच. तापमान पद्धतीत सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, रोज एकाच वेळी तापमान घेतात. आधीच्या सहा नोंदींपेक्षा वरच्या सलग तीन नोंदी मिळाल्या आणि तिसरी किमान ०.२ अंश सेल्सिअसने वर असली, तर त्या संध्याकाळपासून वंध्य काळ धरतात. ताप, मद्य, अपुरी झोप किंवा रात्रपाळी झाली की आलेख फसतो. ऑस्ट्रेलियातील बिलिंग्ज दांपत्याच्या पद्धतीत गर्भाशयग्रीवेचा (गर्भाशयाच्या तोंडाचा) स्राव पाहतात. तो कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, बोटांत धरला तर पाकासारखी तार देणारा झाला की गर्भधारणाक्षम काळ. तसा ओलसर, निसरडा स्राव जाणवलेला अखेरचा दिवस तो शिखरदिन. त्यानंतरच्या चौथ्या दिवसापासून मोकळीक. आदल्या रात्रीच्या संबंधातील वीर्य स्रावात मिसळून गोंधळ होतो, म्हणून चक्राच्या सुरुवातीच्या कोरड्या दिवसांत एकाआड एक संध्याकाळ सोडण्याचा नियम आहे. बाळंतपणानंतर पहिले बीजमोचन पहिल्या पाळीच्या आधीच होऊ शकते. पाळी येईपर्यंत निर्धास्त राहणाऱ्यांची चूक तिथे होते.

शिकवणीचा दर्जा हा वेगळा वाद. २९ जुलै १९६८ रोजी परिपत्रक जाहीर करताना मोन्सिन्योर लाम्ब्रुस्कीनी यांनीच ते अचूकतेच्या (कधीच चुकू न शकण्याच्या) दाव्यासह दिलेले नसल्याचे सांगितले. पुढे १९७८ मध्ये फोर्ड आणि ग्रिसे या कॅथलिक नीतिविचारकांनी चर्चच्या अखंड सामान्य शिकवणीमुळे कृत्रिम साधनांचा निषेध अचूकच ठरतो असे मांडले. बहुतेक धर्मपंडितांना ते पटलेले नाही. मात्र अचूक नाही म्हणजे ऐच्छिक, असाही अर्थ होत नाही: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजाच्या कलम २५ नुसार अशा शिकवणीला बुद्धी व इच्छेची धार्मिक संमती अपेक्षित आहे. जर्मन (कोनिगश्टाइन) आणि कॅनडातील (विनिपेग) बिशपांनी १९६८ मध्येच विवेकबुद्धीच्या निर्णयाला जागा ठेवली.

परिपत्रकापूर्वी संततिनियमनावर नेमलेल्या पोपनियुक्त आयोगाच्या अखेरच्या टप्प्यात मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस सदस्य होते. मुंबई, वसई व गोव्यातील विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत हा विषय येतो.